कीटकभक्षी रोपं बियांपासून, खान्देशातल्या घरात

दवबिंदू (ड्रोसेरा), व्हीनस फ्लायट्रॅप, नळकांड्यासारख्या पानांचं सरासेनिया ही किडे पकडून खाणारी झाडं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरात बियांपासून वाढवता येतात. भुसावळच्या मे महिन्याचं नाव काढून लोक सुरुवातीआधीच माघार घेतात, पण ऊन ही दुसऱ्या क्रमांकाची अडचण आहे. पहिली अडचण म्हणजे आपल्या नळाला आणि बोअरला येणारं पाणी. ते जमलं की निम्मं काम झालं.

ही झाडं किडे का खातात, हे आधी नीट समजून घ्या. पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. ती मूळची सतत ओल्या, आम्लधर्मी आणि निकस जागेतली. मुळांना तिथे नत्र मिळत नाही, स्फुरद मिळत नाही, म्हणून ही भूक त्यांनी पानांवर भागवली. कुणी पानावर चिकट थेंब धरले, कुणी पानाचा जबडा केला, कुणी नळकांडं. मुळांकडे उरलं फक्त पाणी घेण्याचं काम, आणि तेही जवळजवळ क्षार नसलेलं पाणी. आपण काळ्या कसदार जमिनीची माणसं. रोप पिवळं दिसलं की हात आपोआप युरियाकडे किंवा शेणखताकडे जातो. इथे तो हात आवरायचा. शेणखत, गांडूळखत, डीएपी, ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं, जीवामृत, यातलं काहीही या झाडांच्या मुळांना मारतं. कुंडी जितकी निकस, तितकं झाड सुखी.

कोणत्या बिया घ्याव्यात

पहिल्यांदा पेरणाऱ्याने ड्रोसेरा कॅपेन्सिस घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला हा दवबिंदू. लांबट पट्टीसारखी पानं, त्यांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. त्याच्या बियांना थंडी द्यावी लागत नाही, कोणतीही प्रक्रिया लागत नाही. ओल्या माध्यमावर टाकल्या आणि वर उजेड दिला की दोन ते सहा आठवड्यांत उगवतात. साधारण वर्षभरात झाड फुलावर येतं, परागीकरण स्वतःचं स्वतः करतं आणि भरपूर बी देतं.

दुसरा पर्याय ड्रोसेरा बर्मानी. हा आपल्याच देशातला, महाराष्ट्रातही निसर्गात सापडणारा. पावसाळ्यात कासच्या पठारावर दगडांमधल्या ओलीत जमिनीला चिकटून नाण्याएवढी लालसर चकती दिसते, ती हीच. त्याच्या शेजारी उभा वाढणारा गवती दवबिंदूही (ड्रोसेरा इंडिका) तिथे असतो. बर्मानीला उष्णता चालते, म्हणून खान्देशाला तो सोयीचा. त्याच्या कडेचे लांब केस किडा लागताच काही सेकंदांत आत वळतात. दवबिंदूंमध्ये एवढी चपळाई फार थोड्यांत आहे. मात्र तो हंगामी आहे. काही महिन्यांत फुलतो, बी टाकतो आणि संपतो. दरवर्षी पुन्हा पेरायची तयारी ठेवा. आणि बी घ्यायचं ते लागवड करणाऱ्या माणसाकडूनच. कास हे २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथून किंवा कुठल्याही रानातून ही झाडं उपटून आणू नका. आणलेली तशीही जगत नाहीत.

व्हीनस फ्लायट्रॅप सगळ्यांना हवा असतो. तो अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीवरचा. बी उगवणं कठीण नाही, पण बियांपासून पूर्ण वाढीचं झाड व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात. ही वाट पाहायची तयारी असेल तरच घ्या. सरासेनियाचंही तसंच, वर त्याच्या बियांना आधी थंडी द्यावी लागते. घटपर्णी म्हणजे नेपेन्थिस नवख्याने बियांपासून करू नये. तिचं बी लवकर मरतं, नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे ताजं बी मिळणंच दुर्मीळ. भारतातली एकमेव घटपर्णी, मेघालयातली नेपेन्थिस खासियाना, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. तेव्हा कुणी रानातून काढलेलं रोप स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका.

बी विकत घेताना फसवणूक खूप होते. निळे, सप्तरंगी फ्लायट्रॅप जगात नाहीत. असा फोटो दिसला की ती जाहिरात सोडून द्या. पाकिटातून काय बाहेर पडतं तेही पाहा. ड्रोसेराचं बी बारीक काळपट भुकटीसारखं, भिंगाखाली लांबट दिसणारं. फ्लायट्रॅपचं बी काळं, चकचकीत, एका टोकाला निमुळतं आणि मोहरीहून लहान. सरासेनियाचं तपकिरी, थेंबाच्या आकाराचं, दोनेक मिलिमीटरचं. घटपर्णीचं बी धाग्यासारखं लांब आणि हलकं. फ्लायट्रॅप म्हणून टोमॅटोच्या बियांसारखं चपटं किंवा तुळशीच्या मंजिरीतल्यासारखं काही आलं तर ते पेरण्यात वेळ घालवू नका. विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: बी कोणत्या महिन्यात काढलं, आणि ज्या झाडाचं काढलं त्याचा फोटो आहे का. खरा लागवड करणारा दोन्हींची उत्तरं आनंदाने देतो.

पाणी

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायचं टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतं. कुंडी, बी, दिवा यांच्या आधी ते घ्या. या झाडांना ५० पीपीएमच्या (पाण्याच्या दहा लाख भागांत ५० भाग क्षार) आतलं पाणी हवं. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात ते घालून पाहा, आकडा सहज कित्येक शेंवर जातो. तापी-गिरणेच्या काठच्या गावांतही, जिथे पाणी प्यायला गोड लागतं, तिथे हंड्याच्या तळाशी आणि कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतोच. तो थर म्हणजे चुना आणि इतर क्षार. कुंडीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि दर आठवड्याला थोडे थोडे साचत जातात. झाड पहिला महिनाभर छान दिसतं, मग पानांची टोकं काळी पडतात, थेंब आटतात, आणि तोवर माध्यम खराब झालेलं असतं. पाणी उकळून हे क्षार पुरेसे जात नाहीत. उकळल्यावर थोडा चुना तळाशी बसतो, पण बाकीचे क्षार पाण्यातच राहतात. तुरटी फिरवून गाळ खाली बसतो, क्षार नाही. चोवीस तास उघडं ठेवून क्लोरीन उडतो, क्षार नाही.

मग पाणी कुठून आणायचं? पावसाचं. जळगावला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हिशोब अगदी सोपा आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्चीवर दोन खुर्च्यांना किंवा चार काठ्यांना एक मीटर लांब-रुंद स्वच्छ प्लास्टिक बांधा, मध्ये खोलगट ठेवा, खाली टब ठेवा. वीस मिलिमीटरची एक चांगली सर आली की वीस लिटरचा जार भरला. मृगाच्या पहिल्या एक-दोन सरी सोडून द्या, त्यांत उन्हाळ्याची सगळी धूळ असते. पन्हाळीचं पाणी पत्र्यावरून येत असेल तर पत्रा धुवून निघाल्यानंतरचं घ्या. नव्या सिमेंटच्या गच्चीवरून वाहून आलेलं पाणी टाळा, त्यात चुना उतरतो. धाब्याच्या घराचं तर नकोच, त्यात माती येते. दरवेळी मीटर घालून पाहा. थेट आभाळातून पकडलेल्या पाण्याचा आकडा बहुतेक वेळा दहा-वीसच्या आत असतो.

गाळून, झाकणबंद जारमध्ये, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर हे पाणी पुढच्या पावसापर्यंत चालतं. उजेडात ठेवलं तर शेवाळ धरतं. झाकण नीट नसेल तर डास होतील, त्याकडे लक्ष असू द्या. सहा-आठ लहान कुंड्यांच्या एका ताटाला हिवाळ्यात आठवड्याला साधारण एक-दोन लिटर पाणी लागतं, एप्रिल-मेमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे पोळ्यापर्यंत पाच-सहा जार भरून ठेवले की वर्षाची सोय झाली.

पाऊस हुकला तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं. दुकानदाराला स्पष्ट सांगा की ॲसिड नको, साधं डिस्टिल्ड पाणी हवं. घरच्या आरओचं पाणी मोजल्याशिवाय वापरू नका. अनेक मशिनांमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळायची सोय असते आणि आकडा शंभरावर जातो. तंत्रज्ञाला सांगून मेंब्रेननंतर लगेच वेगळी नळी काढून घेता येते. विकतच्या जारच्या पाण्याचंही तेच, आधी मोजा. एसीतून टपकणारं पाणी क्षारांच्या बाबतीत चांगलं असतं, पण एसीची आतली कॉइल स्वच्छ हवी आणि मीटरचा आकडा तपासलेला हवा.

कुंडीत काय भरायचं

खताविना आणि चुन्याविना स्फॅग्नम पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा कुजलेला भुसा, पुढे नुसतं पीट) दोन वाटे, पर्लाइट (पांढरे, हलके, फुगवलेल्या खडकाचे दाणे) एक वाटा. एवढंच. यातला 'खताविना आणि चुन्याविना' हा भाग महत्त्वाचा आहे. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात टिश्यूकल्चर रोपांच्या आणि भाजीपाल्याच्या नर्सऱ्या आहेत, त्यामुळे पीट आणि कोकोपीट आपल्याकडे मिळायला अडचण नाही. पण नर्सरीसाठीच्या पीटमध्ये बहुतेक वेळा आधीच चुना मिसळून सामू (पीएच) वाढवलेला आणि सुरुवातीचं खत घातलेलं असतं. ते टोमॅटोच्या रोपाला चांगलं, आपल्या झाडाला नाही. पोत्यावरचं लेबल वाचा. लेबल नसेल तर मूठभर पीट डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळून निघालेलं पाणी गाळा आणि मीटर घाला. आकडा पन्नासच्या आसपास राहिला तर माल योग्य. कित्येक शे आला तर परत द्या.

कोकोपीट हा नाइलाजाचा मार्ग आहे. नारळाच्या काथ्यात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड मुबलक असतं. कमी क्षारांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून पिळायचं, निथळ पन्नासच्या खाली येईपर्यंत. यात पावसाचं पाणी इतकं खर्च होतं की पीट घेणंच स्वस्त पडतं.

पर्लाइटऐवजी वाळू चालते, पण नदीची नाही. आपल्या नद्यांच्या वाळूत चुनखडीचे कण असतात. वाळूच्या चिमटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. पाण्याच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका वाळू धुवून घेतली तर चांगली.

भांडं प्लास्टिकचंच. मातीची कुंडी सुंदर दिसते, पण ती स्वतः क्षार सोडते. दवबिंदूला सात-आठ सेंटिमीटर उंचीची कुंडी पुरते, फ्लायट्रॅपची मुळं खोल जातात म्हणून त्याला दहाच्या पुढची. पेरणीसाठी श्रीखंडाचे किंवा दह्याचे प्लास्टिकचे डबे तळाला चार भोकं पाडून घेतले तरी उत्तम. पपई-मिरचीच्या जुन्या प्रो-ट्रे वापरणार असाल तर खताचा अंश राहणार नाही अशा घासून धुवा.

पीट कोरडं असताना पाणी धरत नाही, वर तरंगतं. भरण्याआधी गरम पाण्यात (पावसाच्या किंवा डिस्टिल्ड) कालवून रात्रभर ठेवा. गरम पाण्याने त्यातल्या बुरशीचे आणि चिलटांचे अंशही बरेच कमी होतात.

पेरणी, आणि ती कधी

महिना चुकला तर बाकी सगळं बरोबर असून रोपं हातची जातात, म्हणून आधी वेळेचं बघू.

बर्मानी आणि गवती दवबिंदू पावसाळ्यात पेरा, श्रावणातल्या कानबाईच्या सुमारास. तेव्हा घरात तिसाच्या आसपास तापमान असतं, हवा दमट असते, आणि पाणी आभाळातून येत असतं. ड्रोसेरा कॅपेन्सिस आणि फ्लायट्रॅप नवरात्र ते दिवाळी या काळात. ऑक्टोबरची तलखी असली तरी घरातल्या सावलीत ती उगवणीला चालते, आणि रोपांना होळीपर्यंत चार-पाच महिने सौम्य हवा मिळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरणी करू नका. उगवण होईल, पण दोन पानांवरचं रोप आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात टिकवणं अनुभवी माणसालाही अवघड आहे.

सरासेनियाला, आणि बी जुनं असेल तर फ्लायट्रॅपलाही, आधी थंडी द्यावी लागते. ओलसर पिळलेल्या स्फॅग्नममध्ये किंवा टिश्यू पेपरात बी गुंडाळा, झिप पिशवीत घाला, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात चार ते सहा आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नाही. म्हणजे नवरात्रात पेरायचं तर पोळ्याच्या आसपास फ्रिजमध्ये जायला हवं. फळबागवाल्यांच्या घरी जिब्रेलिक ॲसिड (वाढीचं संजीवक) असतं आणि ते वापरून उगवण लवकर होते असं कुणी सुचवेल. नवख्याला त्याची गरज नाही. जास्त झालं तर रोपं लांबुडकी आणि दुबळी निघतात.

आता प्रत्यक्ष पेरणी. पंखा बंद करा. ही सूचना वाचताना किरकोळ वाटते, पण ड्रोसेराचं बी एवढं हलकं असतं की पंख्याच्या वाऱ्यात पूर्ण पाकीट हवेत जातं. भिजवलेलं मिश्रण डब्यात भरा, वरचा अर्धा सेंटिमीटर थर चाळलेल्या पीटचा करा, हलक्या हाताने सपाट करा. दाबू नका. डबा ताटात ठेवून खालून पाणी द्या, पृष्ठभाग ओला चमकेपर्यंत. मग पांढरा कागद मधोमध दुमडा, त्या घडीत बी घ्या आणि कागदाच्या मागे बोटाने टिचक्या मारत थोडं थोडं पसरा. बी वर झाकायचं नाही, माती टाकायची नाही, दाबायचंही नाही. दवबिंदूच्या बियांना उगवायला उजेड लागतो. मेथी-कोथिंबिरीच्या सवयीने वर मातीचा पातळ थर दिला तर बहुतेक बी उगवणारच नाही. फ्लायट्रॅपचं बीही वरच ठेवा, एकमेकांपासून दोन सेंटिमीटर अंतरावर.

पेरल्यानंतर वरून पाणी घालू नका, बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. यापुढे पाणी नेहमी ताटातून. ताटात एक ते दोन सेंटिमीटर पाणी असावं, संपत आलं की भरावं. डब्यावर पारदर्शक झाकण किंवा पॉलिथिन लावा आणि त्याला सुईने पाच-सहा भोकं पाडा. नाव आणि तारीख पेन्सिलने लिहून डब्याला लावा. शाई ओलीत पुसली जाते.

उजेडासाठी खिडकीवर अवलंबून राहू नका. पांढऱ्या प्रकाशाची वीस वॅटची साधी एलईडी ट्यूब, जिच्यावर ६५०० के लिहिलेलं असतं, डब्यांच्या वर पंधरा-वीस सेंटिमीटरवर टांगा. दिवसाला चौदा तास. प्लगला लावायचा टायमर घेतला तर रोजची आठवण ठेवावी लागत नाही. जांभळ्या रंगाचे महागडे ग्रो लाइट घेण्याची गरज नाही. त्या रंगात पानांवरची बुरशी आणि पिवळेपणाही नीट दिसत नाही. आणि झाकलेला डबा कधीही थेट उन्हात ठेवू नका, सकाळच्या उन्हातही नाही. बंद झाकणाखाली थोड्या वेळात तापमान एवढं चढतं की बी शिजतं.

उगवणीपासून पहिल्या पानांपर्यंत

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पृष्ठभागावर हिरवे ठिपके दिसू लागतील. शेवाळही तेव्हाच येतं, त्यामुळे गोंधळ होतो. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून पाहा. रोप असेल तर दोन इवलीशी पानं समोरासमोर दिसतात. दवबिंदूचं त्यानंतरचं पहिलंच खरं पान चिकट केस घेऊन येतं, आणि फ्लायट्रॅपचं पहिलं खरं पान एक-दोन मिलिमीटरचा जबडा घेऊन. टाचणीच्या डोक्याएवढ्या रोपावर तो चकाकता थेंब पहिल्यांदा दिसतो तेव्हा या सगळ्या खटाटोपाचं चीज होतं. भिंग विकत घ्या, खरंच घ्या.

सहा आठवड्यांत काहीच आलं नाही तरी डबा फेकू नका. तीन महिने ओल आणि उजेड चालू ठेवा. उशिरा उगवणारं बी पुष्कळ असतं.

पांढऱ्या कापसासारखी बुरशी दिसली तर तेवढा भाग चमच्याने उचलून काढा आणि झाकण रोज दोन-तीन तास उघडं ठेवा. बंद, स्तब्ध हवा हे तिचं मूळ कारण असतं. काळी बारीक चिलटं उडताना दिसली तर कपाशीत पांढऱ्या माशीसाठी लावतात तो पिवळा चिकट सापळा कापून त्याचा तुकडा शेजारी उभा करा. मोठ्या रोपावर मावा आला तर साबणपाणी किंवा निंबोळी तेल फवारू नका, चिकट केस त्याने खराब होतात. कुंडीसकट रोप स्वच्छ पावसाच्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवा, मावा मरतो आणि रोपाला काही होत नाही. घर शेताजवळ असेल तर कपाशीवर फवारणी चालू असताना त्या बाजूची खिडकी बंद ठेवा.

तीन-चार पानं झाली की झाकण काढण्याची सुरुवात. हे हळूहळू करायचं असतं. पहिले काही दिवस अर्धा तास, मग दोन तास, मग अर्धा दिवस, असे दोन आठवडे. एकदम काढलं तर थेंब आटतात आणि पानं वळतात. हे काम थंडीतच उरकून घ्या. मार्चनंतर आपली हवा इतकी कोरडी होते की नाजूक रोपाला सवय लावणं जमत नाही.

खाऊ घालणं

रोपं किड्याविना जगतात, पण फार सावकाश वाढतात. दवबिंदू तीन-चार पानांचा झाला की मत्स्यालयाच्या दुकानातलं माशांचं खाद्य किंवा सुके ब्लडवर्म खलबत्त्यात अगदी पूड करा, टूथपिकचं टोक ओलं करून त्याला लागेल तेवढी कणी पानावर ठेवा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, एकेका पानावर. जास्त झालं की बुरशी येते. दूध, पनीर, मटणाचा तुकडा, भाताचं शीत यातलं काही नको.

फ्लायट्रॅपला जबडा चार-पाच मिलिमीटरचा होईपर्यंत थांबा. त्याच्या आतल्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तर तो मिटतो, आणि आत हालचाल चालू राहिली तरच पचन सुरू होतं. म्हणून मेलेला किडा किंवा भिजवलेला ब्लडवर्म दिला तर मिटलेला जबडा बाहेरून टूथपिकने अलगद चोळत राहा. घास जबड्याच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नसावा. घरातल्या मुलांना बोटाने जबडे मिटवायचा मोह होतो. त्यांना समजावून सांगा की प्रत्येक मिटण्याला झाडाची ताकद जाते आणि एक जबडा काहीच वेळा काम करू शकतो.

आपला उन्हाळा

मार्चच्या मध्यापासून तयारी करा. दुपारी बाहेर ४२ ते ४५ अंश असतं तेव्हा घरातली सगळ्यात गार खोली निवडा, बहुधा उत्तरेची किंवा जिच्यावर अजून एक मजला आहे ती. दिव्याचे तास उलटे फिरवा: संध्याकाळी सहाला लावा, सकाळी आठला बंद करा. उजेडही तेवढाच मिळतो आणि ट्यूबची ऊब दिवसाच्या उन्हात भर घालत नाही. वीज जायची तीही बऱ्याचदा दुपारी, तेव्हा झाडांची रात्र चाललेली असते.

कूलरची खोली चांगली. ती थंडही असते आणि दमटही. पण झाडं झोताच्या समोर नकोत. झोतातून उडणारे बारीक तुषार बोअरच्या पाण्याचे असतात आणि पानांवर पांढरे डाग सोडतात.

कूलर नसेल तर एक मोठी मातीची परात किंवा पसरट कुंडी घ्या, तिच्यात वाळू भरून साध्या नळाच्या पाण्याने ओली ठेवा, आणि त्या वाळूत झाडांचं प्लास्टिकचं ताट बसवा. माठ पाणी गार करतो त्याच कारणाने ही वाळू ताट गार ठेवते, आणि आपली हवा जितकी कोरडी तितका हा उपाय जास्त चालतो. ताटाची कड वाळूच्या वर राहील एवढी काळजी घ्या, नळाचं पाणी आत जाता कामा नये. खोलीत थोडी खेळती हवा हवी.

एप्रिल-मेमध्ये कॅपेन्सिसचे थेंब कमी झाले, पानं आखूड आली तर घाबरू नका आणि खाऊ घालू नका. पहिल्या पावसानंतर नवी पानं पुन्हा थेंब धरतात. झाड वरून पूर्ण सुकलं तरी कुंडी ओली ठेवा, मुळांतून ते पुष्कळदा परत फुटतं.

हिवाळा आणि कुंडी बदलणं

फ्लायट्रॅप आणि सरासेनियाला दरवर्षी तीनेक महिन्यांची थंड विश्रांती लागते. पहिल्या हिवाळ्यात रोपं लहान असतात, तेव्हा ती दिव्याखाली वाढू दिली तरी चालतं. दुसऱ्या वर्षापासून नोव्हेंबरच्या शेवटी दिवा कमी करा आणि कुंड्या थंड खिडकीत किंवा गच्चीच्या आडोशाला न्या. सारंगखेड्याची यात्रा भरते त्या सुमारास आपल्याकडे रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरू लागतं, एवढी थंडी त्यांना पुरते. पानं काळी पडतील, झाड लहान होईल, ते अपेक्षितच आहे. माध्यम फक्त ओलसर ठेवा, ताटात पाणी साठवू नका. फेब्रुवारीच्या मध्याला पुन्हा उजेडात आणा. दवबिंदूच्या वर सांगितलेल्या जातींना ही विश्रांती लागत नाही.

दाट उगवलेली दवबिंदूची रोपं सेंटिमीटरभर रुंद झाली की वेगळी करा. टूथपिक किंवा लहान चमच्याने मुळाभोवतीच्या पीटसकट उचलून नव्या कुंडीत ठेवायची आणि आठवडाभर पुन्हा झाकायची. फ्लायट्रॅपला वर्षभर हलवू नका. पीट कालांतराने कुजून घट्ट होतं, म्हणून दर एक-दोन वर्षांनी हिवाळ्याच्या शेवटी माध्यम बदला.

बी धरणं

कॅपेन्सिसचा दांडा लांब वाढतो आणि त्यावर रोज सकाळी एखादं गुलाबी फूल उमलतं. फुलं संपल्यावर महिना-दीड महिन्यात बोंडं तपकिरी होतात. दांडा कापून पांढऱ्या कागदावर उलटा झटका, काळी भुकटी पडेल. बर्मानीचं बी वेळेवर काढलंच पाहिजे, कारण झाड त्यानंतर संपतं. बी दोन दिवस सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर जात आणि महिना लिहा, आणि सिलिका जेलची पुडी घातलेल्या हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. असं ठेवलेलं ड्रोसेराचं बी काही वर्षं उगवतं. एका झाडाचं बी तुमच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असेल. ओळखीच्या कुणाला द्यायचं झालं तर पुडीसोबत तुमचं टीडीएस मीटरही दोन दिवस वापरायला द्या.